मोबाईल स्टार्टर आणि रात्रीची लाईट

आज दिवसभर रावेर-यावलकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: "लाईट आली का?" ज्यांच्याकडे मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून पाण्याची मोटर चालू-बंद करणारी सिमवाली पेटी आहे, ते रात्री दोनला केळीत जात नाहीत. खाटेवरूनच मोटर चालू. पण पेटी बसवली म्हणजे झालं, असं नाही भाऊ.

सिम आधी बघा. बऱ्याच पेट्या टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम चालत नाही. रिचार्ज संपला की पेटी मुकी! अँटेना लोखंडी पेटीबाहेर काढा, नाहीतर रेंज मिळत नाही. घरातले दोन-तीन नंबर रजिस्टर करून ठेवा.

खरी गोष्ट ड्राय रनची, म्हणजे पाण्याविना मोटर फिरण्याची. विहिरीत पाणी भरपूर असताना मोटर चालवून अँपिअर मोजा. पाच एचपीला साधारण सात-साडेसात येतात. पाणी तुटलं की अँपिअर उतरतात. म्हणून कटऑफ, म्हणजे मोटर आपोआप बंद व्हायचा आकडा, मोजलेल्या आकड्याच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवा. फार खाली ठेवला तर कोरडी मोटर फिरत राहते, फार वर ठेवला तर विनाकारण ट्रिप होते. ठिबकचे व्हॉल्व्ह बदलले की अँपिअरही बदलतात, तेव्हा पुन्हा मोजा.

ऑटो मोडवर लाईट आली की मोटर आपोआप चालू होते; त्यात सगळ्यांनी एकच वेळ ठेवू नका. लाईट येताच साऱ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडतो. शेजाऱ्याशी बोलून लाईट आल्यावर एकाने एक मिनिट, दुसऱ्याने तीन मिनिटं उशीर ठेवायचा.

आणि वायरीची भोकं बुजवा. पाल आत शिरली की कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) गेलाच.