बेथेल: कस्कोक्विमकाठचं खासदाराचं गाव

अलास्कातल्या अँकरेजहून सुटलेलं विमान तासाभरानं ढगांखाली आलं. खाली नुसती तळीच तळी आणि त्यांतून वळसे घेत जाणारी कस्कोक्विम नदी. बेथेल गावाला बाहेरून रस्ता येतच नाही. यायचं ते विमानानं, नाहीतर नदीतून.

ऑक्टोबर २०२४ अखेर मी सिएटलहून मुद्दाम इथे आले, कारण ५ नोव्हेंबरच्या मतदानात या गावची मुलगी मेरी पेल्टोला अमेरिकन काँग्रेसमधली आपली जागा राखायला उभी होती. अख्ख्या अलास्काला प्रतिनिधिगृहात एकच जागा. महाराष्ट्राच्या पाचपट मोठा मुलूख, वस्ती सव्वासात लाखांच्या आसपास आणि खासदार एक! आपल्याकडे ४८ आहेत, तरी "आमच्या गावाला कोण विचारतं" ही तक्रार संपत नाही. इथे ती एकाच माणसाच्या दारात जाते.

पेल्टोला अलास्कातल्या युपिक या मूलनिवासी समाजाच्या. २०२२ साली त्या निवडून आल्या, तेव्हा काँग्रेसमध्ये पोचलेल्या अलास्काच्या पहिल्या मूलनिवासी ठरल्या. त्याआधी ही जागा डॉन यंग यांनी १९७३ पासून मरेपर्यंत, म्हणजे ४९ वर्षं सांभाळली. आणि यंग यांच्याआधी निक बेगिच. १९७२च्या ऑक्टोबरात प्रचारातच त्यांचं विमान बेपत्ता झालं, ते आजतागायत सापडलेलं नाही. तरीही लोकांनी पुढच्याच महिन्यात त्यांना निवडून दिलं. त्याच बेगिच यांचा त्याच नावाचा नातू आता पेल्टोलांसमोर उभा होता. आजोबा डेमोक्रॅट, नातू रिपब्लिकन.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजताही काळोखच होता. जिच्याकडे उतरले होते, तिच्या आईनं स्वयंपाकघरात मला उलू दाखवला. अर्धचंद्राकृती पातं, वर मूठ. हातात धरल्याबरोबर मला आमची विळी आठवली. माझं आजोळ अर्नाळ्याचं, वलांडीवर बोंबील वाळताना बघतच मी मोठी झाले. उलू दाखवणाऱ्या त्या आजींनी सामन माशाचा वाळवलेला तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "पूर्वी धुरी देण्याची खोली गच्च भरायची. आता राजा सामन धरायलाच बंदी."

मग त्या मासळीवरच बोलत राहिल्या. काही वर्षांपासून नदीत राजा आणि चम या दोन्ही जातींचे सामन फार कमी झालेत. समुद्र तापतोय हे एक कारण. पण गावकऱ्यांचा राग आहे तो बेरिंग समुद्रातल्या ट्रॉलरांच्या जाळ्यात फुकट जाणाऱ्या माशांवर. पेल्टोला आधी याच नदीवरच्या आदिवासींच्या मासेमारी आयोगाचं काम बघायच्या. म्हणूनच त्यांच्या प्रचारात पहिला शब्द मासे, मग कुटुंब, मग स्वातंत्र्य. मला ते मनापासून पटलं. पोटाचा प्रश्न राजधानीपर्यंत नेणारं माणूस त्याच पाण्यातलं असावं.

आजींनी मत आधीच देऊन टाकलं होतं. अलास्कात पसंतीक्रमानं मत देतात, आपल्या पदवीधर मतदारसंघात देतात तसं. मी विचारलं, "दुसरी पसंती कोणाला?"

त्या उलू पुसत होत्या. "दुसरं कोण? मेरी आमची."

अलास्कात निकालाला वेळ लागतो. टपालाची मतं दूरदूरच्या गावांतून यायची असतात, परदेशातल्या मतपत्रिकांसाठी तर पंधरा दिवस थांबतात. २० नोव्हेंबरला सिएटलच्या घरी मी मोजणी बघत बसले. खालच्या उमेदवारांची मतं वाटली गेली आणि आकडा स्थिरावला: बेगिच ५१.२ टक्के, पेल्टोला ४८.८.

आजींनी बांधून दिलेल्या सामनची एक पट्टी फ्रीजरमध्ये उरली होती. भात लावला, ती भाजली आणि हातानंच खाल्ली. धुराचा वास रात्रभर बोटांना होता.