यरीहोच्या उतारावर निकदेम

यरुशलेमेहून यरीहोकडे जाणारी वाट सगळी उताराची. वरचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, तर यरीहो सपाटीच्याही जवळपास अडीचशे मीटर खाली. वादी केल्टच्या कोरड्या घळीत कड्याला चिकटलेला सेंट जॉर्जचा मठ दिसला, तोवर आमचे गुडघे भरून आले होते. "एवढं चाललोय म्हणजे काहीतरी पदरी पडणारच," सोबतच्या मावशी म्हणाल्या. पाळकसाहेबांनी उत्तर दिलं नाही.

माझ्या डोक्यात मात्र योहानाच्या शुभवर्तमानातला निकदेम होता. परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा, अधिकारी, शास्त्र कोळून प्यायलेला; यरुशलेमेत रात्री येशूकडे आला, आणि नव्याने जन्मल्यावाचून देवाचं राज्य दिसत नाही असं ऐकून त्यानं विचारलं, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा शिरेल? या प्रश्नाला लोक हसतात. मला तो फार खरा वाटतो. जन्मभर जमवलेलं सगळं ज्ञान इथं उपयोगी नाही म्हटल्यावर जाणता माणूस आणखी काय विचारणार? येशू पाणी आणि आत्मा म्हणतो, वाऱ्याबद्दल बोलतो. जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, छत्तिसाव्या अध्यायात देव हेच सांगून चुकला होता: शुद्ध पाणी शिंपडीन, पाषाणाचं हृदय काढून घेईन, नवं देईन. सगळी क्रियापदं देवाची. स्वतःला जन्म कोणी देत नाही, आणि हेच पायी चालणाऱ्याला पचायला सगळ्यात अवघड.

यार्देनेपर्यंतचा शेवटचा टप्पा गाडीनं. कुंपणावर सुरुंगांच्या धोक्याच्या पाट्या. येशूच्या बाप्तिस्म्याची जागा मानल्या जाणाऱ्या कस्र अल-यहूदला नदी अगदी अरुंद, पाणी गढूळ, तपकिरी. समोरच्या काठावर जॉर्डन देश. पांढरे झगे घातलेली माणसं लाकडी कठड्याला धरून चिखलात पाय रोवत होती. तिथं पाळकसाहेबांनी मावशींना जुन्या करारातली नामानाची गोष्ट वाचून दाखवली. दिमिष्काच्या नद्या याहून बऱ्या म्हणत रागानं परत निघालेला कोडी सेनापती, आणि त्याला त्याच्याच चाकरांनी विचारलेलं: संदेष्ट्यानं मोठं काही करायला सांगितलं असतं तर केलं नसतं का? मग याच नदीत सात बुड्या, आणि त्याचं अंग लहान मुलासारखं झालं.

माझा बाप्तिस्मा पूर्वीच झालेला, तो पुन्हा घ्यायचा नव्हता. गुडघाभर पाण्यात उभं राहून रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला: त्याच्याबरोबर पुरले गेलो, ते नव्या जीवनात चालावं म्हणून. चालणं इथं येतं, जन्मानंतर.

परतताना मावशींनी हळूच विचारलं, "पण पाळकसाहेब, माझा नवा जन्म कधी झाला, त्याची तारीख मला सांगता येत नाही. मग?" ते म्हणाले, "निकदेमाची तरी कुठं लिहिलीय?" त्या रात्रीनंतर निकदेम योहानाच्या सातव्या अध्यायात दिसतो, धर्मसभेतल्यांसमोर येशूच्या बाजूनं एक प्रश्न विचारताना. मग एकोणिसाव्यात, तीस किलोंहून जास्त गंधरस आणि अगरू घेऊन, वधस्तंभावरून उतरवलेल्या देहापाशी. तारखेचा आग्रह धरणाऱ्यांनी योहानातले हे तीन उतारे एका बैठकीत वाचावेत.