बुलीवगला तळ्याचा काठ सोडू देऊ नका

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या खेळातला बुलीवग, म्हणजे बेडूकमाणूस, हा नुसता हिरवा गॉब्लिन (किरकोळ शत्रू) आहे अशा समजुतीने पटावर आणला की दोन फेऱ्यांत त्याचा निकाल लागतो. ११ हिट पॉइंट (एवढं नुकसान झालं की संपला), एका टर्नला (पाळीला) जमिनीवर २० फुटांचा वेग, चावा आणि भाला दोन्ही लागले तर आठेक नुकसान. मोकळ्या मैदानात त्याला कुणीही पळवून पळवून दमवेल. पण त्याच्याच पानावर पोहण्याचा वेग ४० दिलाय, आणि लढाईत तो ४० एकदाही वापरला गेला नाही, तर चूक नकाशा काढणाऱ्याची आहे. (सगळे आकडे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकांप्रमाणे. नवीन पुस्तकांत बरंच बदललंय.)

आधी उडीचा घोळ. बुलीवग जागेवरून २० फूट लांब आणि १० फूट उंच उडी मारतो. निम्मे डीएम (खेळ चालवणारे) इथे त्याला २० फूट चालवतात आणि वर २० फूट उडवतात. तसं होत नाही. उडीचा प्रत्येक फूट चालीतूनच वजा होतो. २० फुटांची उडी मारली की त्या टर्नची चाल संपली. मग उडीचा उपयोग काय? मधला चिखल, खड्डा, ओढा, पडलेलं झाड हे सगळं ओलांडता येतं, तेही धाव न घेता. १६ स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) फायटर (लढवय्या) जागेवरून ८ फूटच जातो. १६ फूट जायला त्याला आधी १० फूट धावावं लागतं. एक बारीक कलम मात्र बेडकांनाही लागू आहे: उडी मारून चिखलात उतरलं तर डीसी १० चं अॅक्रोबॅटिक्स (तोल सावरायला फाशाची बेरीज किमान १०), नाहीतर आडवा. माझं मत विचाराल तर बुलीवगला यातून सूट द्या. चिखलात घसरून पडणारा बेडूक बघवत नाही.

आता खरी गंमत. चालण्याचा आणि पोहण्याचा वेग वेगवेगळा असेल, तर एका वेगाने जेवढं अंतर कापलं तेवढं दुसऱ्यातून वजा करायचं. बुलीवग १० फूट पोहत काठाशी आला, तर जमिनीसाठी २० मधले १० च उरतात. २० फूट पोहून आला तर काठावर पाऊलही टाकता येत नाही. उलट जाताना १० फुटांची उडी मारून पाण्यात पडला, की ४० मधले ३० फूट शिल्लक असतात. म्हणजे बाहेर येणं महाग, परत जाणं स्वस्त. पाठलाग करणाऱ्या माणसाला पाण्यात प्रत्येक फुटाला दोन फूट मोजावे लागतात, तो ३० च्या वेगात १५ फूटच जातो.

म्हणून नकाशा असा काढा: इंचाच्या चौकटींच्या कागदावर (एक चौकट म्हणजे ५ फूट) एका कडेने वाट, वाटेला लागून दोन चौकटी काठ, पुढे दोन चौकटी जलपर्णी, मग खोल पाणी. बुलीवग पहिल्या फेरीत जलपर्णीतच, काठापासून १० फुटांच्या आत. दलदलीत लपताना त्यांना अॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा) मिळतो, तो इथे वसूल होतो. वाट काठापासून ३० फूट आत नेलीत तर त्यांना पोहोचायलाच दोन टर्न लागतील आणि तोवर तिरंदाज त्यांची चाळण करतील.

नमुना हवा असेल तर पवईचा तलाव डोळ्यापुढे आणा: एका बाजूला बांध, कडेने जलपर्णी, आत मगरी. तिवरांचं खाजण किंवा भांडुपकडची मिठागरं दिसायला जास्त भेसूर आहेत, पण तिथे बेडूकमाणसं वसवू नका. बेडकाची कातडी पाणी शोषते आणि खारं पाणी बहुतेक जातींना सोसत नाही. काल्पनिक जगात चालेलही, पण मुंबईत पटाभोवती बसलेल्या चौघांत एखादा खेकडे पकडत वाढलेला असतोच. तो लगेच अडवणार.

संख्या. दुसऱ्या लेव्हलच्या चौघा खेळाडूंसाठी चार बुलीवग आणि दोन जायंट फ्रॉग (महाकाय बेडूक): प्रत्येकी ५० एक्सपी (शत्रूमागचे गुण), मिळून ३००, सहा शत्रूंचा गुणक २, म्हणजे ६००. बरोबर ‘हार्ड’ (अवघड). यात आणखी दोन घातले की ४००, पण गुणक २.५ होतो आणि आकडा १०००. ‘डेडली’ची (जीवघेण्या लढाईची) रेघ ८०० वर आहे. दोनच बेडूक वाढवले म्हणून मनाला समजावू नका.

जायंट फ्रॉग वगळू नका, खरा धोका तोच आहे. त्याचा चावा लागला की माणूस पकडलाही जातो आणि रिस्ट्रेनही (जखडलेला) होतो. सुटायचा डीसी फक्त ११. पकडलेल्याला ओढताना वेग निम्मा, म्हणजे ३० चा १५, तीन चौकटी. काठावरच्या माणसाला जलपर्णीपलीकडे न्यायला एक टर्न पुरतो. गिळणं मात्र फक्त स्मॉल आकाराच्यांना: हाफलिंग, नोम. त्यासाठी पुढच्या टर्नला दुसरा चावा लागावा लागतो. गिळल्यावर बेडकाच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला २डी४ (दोन चौबाजू फाशांइतकं) अॅसिडचं नुकसान. बेडकाचे हिट पॉइंट १८ च, त्यामुळे बाहेरचे मित्र पोट फाडून काढतात. मेलेल्या बेडकातून ५ फूट चाल खर्चून, आडवं पडून बाहेर यायचं. मीडियम आकाराला गिळायला जायंट टोड लागतो: ३९ हिट पॉइंट, ३डी६ अॅसिड. तो पहिल्या लेव्हलला आणू नका, एका गिळण्यात विझार्ड संपतो.

गिळलेल्याचा खेळाडू मोबाइल काढून बसतो, ही नेहमीची अडचण. तो आंधळा आणि रिस्ट्रेन असला तरी आतून हल्ला करू शकतो, डिसअॅडव्हांटेजने (दोन फाशांतला लहान आकडा घेऊन). हे त्याला सांगा. बऱ्याच जणांना वाटतं आपण बाद झालो.

आणि बुडण्याची भीती कुणी घालू नये. श्वास रोखता येतो १ मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) मॉडिफायरइतकी मिनिटं. +२ असेल तर ३ मिनिटं, म्हणजे ३० फेऱ्या. लढाई पाचव्या फेरीत संपते. पाण्याखाली खरा जाच तलवारीचा होतो: पोहण्याचा वेग नसलेल्याला खंजीर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, भाला आणि त्रिशूळ सोडून सगळ्या जवळच्या शस्त्रांना डिसअॅडव्हांटेज. बुलीवगच्या हातात काय असतं? भाला.

रात्रीच्या हल्ल्याची योजना असेल तर थांबा. बुलीवगला डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) नाही. जायंट फ्रॉगला ३० फूट आहे. शिवाय बुलीवग आपल्या भाषेत बेडकांना साध्या गोष्टी कळवू शकतो. पहाऱ्याला बेडूक बसवा. खऱ्या बेडकांची सवय इथे फुकट मिळते: जूनच्या पहिल्या सरींनंतर डबक्यावर डराव डराव चालू असतं, पण पाऊल जवळ आलं की एकदम गप्प. टेबलावर आवाज वर्णन करत राहा आणि एका क्षणी म्हणा, ‘बेडूक थांबले.’ वेगळा परसेप्शन रोल (चाहूल लागली का याचा फासा) मागायची गरज नाही. सरदाराचं रूपही तिथूनच घ्या: भारतीय बैल बेडकाचा नर पावसाळ्यात पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या पिशव्या निळ्या. हिरव्या घोळक्यात तो लगेच उठून दिसतो.

बुलीवगांना मानमरातबाचं भारी वेड, आणि ते मराठीत इंग्रजीपेक्षा झकास खेळता येतं. ‘अरे, तुझा राजा कुठाय?’ म्हटलं की भाले उगारले जातात. ‘सरकार, आपण यावं, दर्शन द्यावं’ म्हटलं की छाती फुगते, अगदी गोष्टीतल्या बेडकीसारखी. अहो-जाहोला पर्सुएजनवर (मन वळवण्याच्या फाशावर) अॅडव्हांटेज द्या, अरे-तुरेला डिसअॅडव्हांटेज. खेळाडूंना हा नियम उघड सांगू नका, दुसऱ्या वाक्याला कळतो.

स्लाड हा बेडकासारखाच दिसणारा, पण वेगळाच प्रकार. फीन्ड फोलिओ या १९८१ च्या राक्षसांच्या पुस्तकात बुलीवग आणि स्लाड दोघेही आले, एवढंच नातं. लाल स्लाडच्या नखातून अंडं जातं, तीन महिन्यांनी छाती फोडून पिल्लू निघतं आणि त्याचा निळा स्लाड होतो. निळ्याच्या नखाने माणसाचाच लाल स्लाड होतो. ऐकायला भयंकर, पण लाल स्लाड सीआर (आव्हानाची पातळी) ५ चा, आणि त्याला भिडणाऱ्या क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) रोग घालवणारा लेसर रिस्टोरेशनचा मंत्र असतोच. अंडं खेळाडूला घालून काही साधत नाही. ते गावच्या सुईणीला घाला, कुणाच्याही देखत नाही. तीन महिने कॅलेंडरवर मोजा. शेवटच्या २४ तासांत तिला बरं वाटेनासं होईल.

पटावरच्या मूर्तींसाठी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर रबरी बेडकांची पिशवी घ्या. बुलीवग आणि जायंट फ्रॉगला एक इंचाचा तळ, टोडला दोन इंचांचा. भाल्याला टूथपिक, ढालीला शर्टाचं बटण, चिकटवायला एम-सील, दोन्ही गोळे सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळून. मऊ रबरावर अॅक्रिलिक रंग थेट लावला तर वाकवल्यावर पोपडे निघतात, म्हणून आधी साबणाने धुऊन प्रायमर मारा. पावसाळ्यात रंगाचा प्रत्येक हात रात्रभर वाळू द्या, नाहीतर बोटांचे ठसे उठतात. पाण्याला निळा जिलेटिन पेपर, खाली चौकटी दिसतील असा एकच पदर.