तुम्ही विचारलंत म्हणून: भांडताना ती कृपा कुठे जाते?

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये) लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी शिबिर असतं. डॉक्टर येऊन बोलतात, वकील बोलतात, घरखर्चाच्या हिशेबावर एक तास होतो, आणि शेवटी ‘अनुभवी जोडपं’ म्हणून आम्हा दोघांना उभं करतात. आमचा अनुभव काय, तर ३४ वर्षं एका छपराखाली काढली. दर वेळी मागच्या बाकावरून एक प्रश्न येतोच. शब्द बदलतात, रोख तोच. “काका, लग्नसंस्कारात देवाची कृपा मिळते असं फादर सांगतात. मग भांडण होतं तेव्हा ती कुठे जाते?”

शिबिरात पाच मिनिटांत देतो ते उत्तर माझं मलाच पुरत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज. लग्न फादर लावतात असं आपण सगळेच म्हणतो. आपल्या लॅटिन परंपरेत ते तसं नाही. बाप्तिस्मा फादर देतात, मिस्सा फादर अर्पण करतात, पण लग्नसंस्कार नवराबायको एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात. सुखात नि दुःखात, आजारपणात नि धडधाकट असताना तुझ्याशी एकनिष्ठ राहीन, हे मी तिला म्हणालो आणि ती मला म्हणाली, तिथे तो संस्कार घडला. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे पाठ करून मी मार्कही मिळवले होते. कळलं मात्र २००४ साली, जामीनकीच्या भानगडीत.

धाकट्या भावाला टेम्पो घ्यायचा होता. त्याने एका पतपेढीतून कर्ज काढलं, मी जामीन राहिलो, आणि घरी बोललो नाही. बोललो असतो तर ती नको म्हणाली असती, आणि तिचंच बरोबर ठरलं असतं. वर्षभरात टेम्पोचा धंदा बसला, हप्ते थकले. नोटीस आली ती भरदुपारी, मी चर्चगेटला ऑफिसात असताना. रात्री विरार लोकलमधून चेंगरत घरी पोचलो तर ते पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलेलं. फोडलेलं. ती काही बोलली नाही. त्या रात्री नाही, पुढचे तीन आठवडेही नाही.

तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिच्या खाटेभोवती रोज रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, व्हायची. ती चुकवायची कोणाची टाप नव्हती. रोझरीची रीत ठाऊक असेलच: ‘नमो मरिया’ या मरियामातेच्या छोट्या प्रार्थनेचा पहिला अर्धा एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. एका रोझरीत ५३ नमो मरिया. म्हणजे दिवसभर अवाक्षर न बोलणारी आम्ही दोघं रात्री आठच्या ठोक्याला ५३ वेळा एकमेकांचं वाक्य पुरं करत होतो! ती सुरुवात करायची, मी शेवट. इतकी भरभर म्हणायची की आई एकदा पडल्या पडल्या म्हणाली, “सूनबाई, गाडी चुकतेय का?”

मधे मधे ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ यायचं. प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो, पण मत्तयच्या शुभवर्तमानात त्या ठिकाणी शब्द आहे ‘ऋण’. आमच्या ऋण्यांना जसं आम्ही ऋण सोडलं आहे, तशी आमची ऋणं सोड. तिथे आलं की तिचा आवाज खाली जायचा. माझाही. घरात त्या ओळीएवढी अवघड वस्तू दुसरी नव्हती, आणि ती रोज सहा वेळा हातात घ्यावी लागे.

तिसऱ्या आठवड्यात मी पापनिवेदनाला गेलो. खोटेपणा, लपवाछपवी, सगळं सांगितलं. फादरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “बायकोची क्षमा मागितलीस?” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “देव तुला क्षमा करतोच आहे. पण आता घरी जा. तिच्या हातून तुला जे मिळायचंय ते मी देऊ शकत नाही.” पापमुक्ती त्यांनी दिली, नाही असं नाही. प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना सांगितल्या असत्या तर फार स्वस्तात सुटलो असतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर लिहिलं तेव्हा घरात लागणाऱ्या तीन शब्दांची आठवण पुन्हा दिली: चालेल का, आभार, क्षमा कर. मी पहिला शब्द गिळला होता, म्हणून तिसरा इतका महाग पडला.

आता तुमचा प्रश्न. कृपा कुठे जाते? कुठेही जात नाही, असं मला वाटतं. पोप अकरावे पायस यांनी १९३० साली लग्नाविषयीच्या आपल्या परिपत्रात स्पष्टच लिहिलंय: नवराबायकोने आपल्या बाजूने हातपाय हलवले नाहीत तर ही कृपा बहुतांशी शेतात पुरून ठेवलेल्या धनासारखी वापराविना पडून राहते. वसईकराला हे वेगळं सांगायला नको. बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, भरलेलं असलं की विहिरीला पाणी राहतं, पण कोणी उपसल्याशिवाय ते केळीच्या बुंध्याशी जात नाही. त्या तीन आठवड्यांत आमचं उपसणं म्हणजे ती रोझरी होती, तीही कुरकुरत, दात-ओठ खात केलेली. प्रेमबीम तेव्हा काही वाटत नव्हतं. भक्तीही विशेष नव्हती. तरी चाललं.

एक मात्र शिबिरात आवाज चढवून सांगतो. कृपा आहे म्हणून मार खात राहा, असा याचा अर्थ कोणी लावू नये. जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यातही आहे. ‘सोस बाई, संस्कार आहे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी तो आधी वाचावा.

तर, पापनिवेदन करून आलो त्या रात्री मी तिची क्षमा मागितली. तिने ऐकलं आणि म्हणाली, “पासबुक आणा.” एवढंच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो, पण हप्त्यांविषयीच. ३१ हप्ते होते. प्रत्येक हप्ता भरला की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने फुली मारायची. भावाने पुढे थोडे पैसे परत केले. ते तिने त्याच्याच मुलीच्या फीसाठी दिले, तेही मला न विचारता. मी काय बोलणार!

गेल्या शिबिरात एका मुलीने थेट तिलाच विचारलं, “काकू, तुम्ही त्यांना मनापासून माफ केलंत ते कधी?”

तिने जरा आठवून पाहिलं. “अठराव्या हप्त्याच्या आसपास,” म्हणाली.