सगळं सेट!

आज भाचीचा इंग्लिशचा अभ्यास घ्यायला बसले आणि अख्खी संध्याकाळ 'सेट' या एका शब्दात गेली. सूर्य मावळला की सेट, अलार्म लावला की सेट, जेली घट्ट झाली की सेट, हाड जुळवून बसवलं तरी सेट, गणितातला संच पण सेट आणि टेनिसमधे सहा गेम जिंकले (दोनचा फरक पाहिजे हां) की परत सेटच. पोरगी म्हणते, मावशी, यांच्याकडे शब्द संपले होते का गं?

ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, नुसत्या क्रियापदाचेच ४०० च्या वर अर्थ!! नंतर 'रन'ने त्याला मागे टाकलं. आणि मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, ठेवणं-बसवणं वाला जुन्या इंग्लिशमधला आणि समूह वाला लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, स्पेलिंग एकच झालं आणि अर्थ एकमेकांत मिसळले.

आपण तरी कुठे कमी आहोत म्हणा, प्राध्यापक व्हायचं तर सेट नावाची परीक्षा द्या, पोरगा नोकरीला लागला की लाईफ सेट आणि 'सेटिंग' म्हणजे काय हे भाचीने विचारलंच पण ताई शेजारीच बसलेली, म्हटलं मोबाईलमधे असतं ते, पुढचा शब्द घे.