मुलांच्या पावलांची प्रश्नावली आणि अडलेली फेरचाचणी

मुलांच्या घोट्या-पावलांच्या त्रासासाठीची ऑक्सफर्ड प्रश्नावली आपल्या भाषेत आणायची म्हटलं की सगळे भाषांतराला घाबरतात. आमचं भाषांतर, उलट भाषांतर (म्हणजे ते पुन्हा मूळ भाषेत आणून ताळा पाहणं), तज्ज्ञांची बैठक सगळं वेळेत उरकलं. अडलो फेरचाचणीवर, आणि तो राग अजून गेलेला नाही.

फेरचाचणी म्हणजे त्याच मुलाने तोच फॉर्म आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा भरायचा. मधल्या काळात पाऊल जसंच्या तसं असेल, तर उत्तरंही जवळपास तीच यायला हवीत. पण दवाखान्यात मुलं येतात ती उपचारांसाठी. आज फॉर्म भरला, पुढच्या भेटीला पाय प्लास्टरमध्ये. मग उत्तर बदललं ते पायामुळे की फॉर्ममुळे, कसं ठरवणार? म्हणून दुसरा फॉर्म उपचार सुरू होण्याआधी घरीच भरून घेणं भाग होतं. आणि संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या कार्यालयाने गोपनीयतेचं कारण देऊन पालकांचा फोन नंबर आणि पत्ता आमच्या कागदांतून आधीच काढायला लावला होता! दुरुस्तीचा अर्ज दिला, तर तो पुढच्या बैठकीत. त्या बैठकीला कोरम नाही, म्हणून त्याच्या पुढच्या. विचारायला गेलं की एकच उत्तर, "फाईल टेबलावर आहे." तोवर पहिले फॉर्म भरलेल्या मुलांची मुदत टळत गेली. ओठ दाबून, चौकटीबाहेर रेघ जाऊ न देता केलेल्या त्या खुणा फेरचाचणीपुरत्या वाया गेल्या. फार वाईट वाटलं.

मंजुरी आली तेव्हा शाळांना सुट्टी लागत होती. 15 पैकी 4 प्रश्न शाळा आणि खेळाबद्दल, आणि विचारणा गेल्या आठवड्याची. एक फॉर्म शाळा चालू असताना, दुसरा सुट्टीत भरला तर तुलनाच होत नाही. शाळा उघडेपर्यंत थांबलो.

आणखी एक, मूळ हक्कधारकांची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय भाषांतराला हात लावू नका. आणि 5 ते 16 वयाच्या मुलांचा फॉर्म वेगळा, पालकांचा वेगळा. दोघांना लांब बसवाच. एका मुलीने पाय दुखण्यापुढे 'नेहमी'वर खूण केली, तिच्या आईने त्याच प्रश्नाला 'क्वचित'. शेजारी बसली असती तर मुलीने आईचंच उत्तर उतरवलं असतं.

फेरचाचणीचा आयसीसी, म्हणजे दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ सांगणारा आकडा, शेवटी 0.7 या पुरेशा मानल्या जाणाऱ्या पातळीच्या बराच वर आला, याचा मला मनापासून अभिमान आहे. तुम्ही मात्र फोन नंबर घेण्याची परवानगी पहिल्याच अर्जात मागा, आणि काढायला सांगितलं तर फेरचाचणीचं कारण लेखी देऊन अडून बसा.