ताई, ब्लाउज झालाय!

आज सुट्टी होती तर वहिनींच्या टेलरिंगच्या दुकानात बसून व्हॉट्सॲप बिझनेस सेट करून दिलं. शिवून तयार ब्लाउजांचा ढीग पडलेला, गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि मशीन सोडून वहिनी फोन तरी कुणाकुणाला करणार. म्हणून आधी चॅटना लावायला लेबलं केली, 'माप घेतलं', 'फॉल-पिको', 'तयार', 'पैसे बाकी', आणि मग क्विक रिप्लाय, म्हणजे स्लॅश टाकून शॉर्टकट लिहिला की अख्खा मेसेज समोर, फक्त पाठवायचा. रात्री दुकान बंद झाल्यावर कुणी लिहिलं की अवे मेसेज आपोआप जातो. ग्रीटिंगचं एक बरंय, नवीन माणसाला नाहीतर 14 दिवस गप्प असलेल्यालाच जातं, रोजच्या बायकांना उगाच नमस्कार-चमत्कार नाही.

खरा वेळ खाल्ला मजकुराने. मी लिहिलं "प्रिय ग्राहक, आपली ऑर्डर तयार आहे", तर वहिनी म्हणाल्या अहो भावजी हे काय बँकेसारखं, बायकांना वाटेल फ्रॉड आहे! मग त्यांनीच सांगितलं, "ताई, ब्लाउज झालाय, येऊन घालून बघा, सैल-घट्ट असेल तर लगेच करून देते." आता बोला.

ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना, मात्र आपला नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो, त्यात एका लिस्टमध्ये 256 जणच, त्यामुळे माप घेतानाच "नंबर सेव्ह करा आधी" सुरू झालंय. पूर्ण ऑटोमॅटिक हवं तर एपीआय, म्हणजे व्हॉट्सॲप दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय, त्यात टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर मंजूर करून घ्या, वर पैसे, एवढ्याशा दुकानाला कशाला. 'पैसे बाकी'चा मेसेज काही वहिनींनी लिहू दिला नाही, म्हणाल्या ते मी तोंडानेच मागणार 😄